उजेड करडावर होता

धरणगावच्या सुपडू पेंटरने उभ्या जन्मात एकच चित्र मन लावून काढलं आणि स्वतःच्याच हाताने बिघडवलं. बाकी आयुष्य जिनिंगच्या भिंती अन् ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवण्यात गेलं.

सातपुड्याच्या पायथ्याला एका पाड्यावर छोटं चर्च आहे. तिथल्या फादरांनी त्याला वेदीमागच्या भिंतीवर खांद्यावर कोकरू घेतलेला येशू काढायला सांगितला. नमुन्याचा कागद धुरकट आणि पाड्यावर घरोघर बकऱ्या. कोकराचं झालं करडू, लांब कानांचं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं.

बकऱ्या राखणारी धनीबाई रोज ते काम बघत बसायची; करडू तिला आपल्याच कळपातलं वाटायचं. एकदा म्हणाली, "भाऊ, उजेड बठ्ठा पिलावर शे. देवना तोंडवर सावली शे. जो उचलस तो सोताले मांगे ठेवस."

सुपडू चाट पडला. देवाचा चेहरा बिघडेल या धास्तीने त्याने तो सावलीत ढकलला होता आणि सगळा उजेड करडावर टाकला होता. म्हातारीने त्यातून देव शोधला. त्या दिवसापासून तोही स्वतःच्या चित्राकडे आदराने बघू लागला.

फादर आले. येशूची उभी काठी आणि आडवा हात यांचा क्रूस जुळलाय म्हणून त्यांनी कौतुक केलं. मग करडाशी थांबले. "शास्त्रात मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. डावीकडच्यांना हाकलून देतात. हे बदला."

हाकललेल्यालाच तर उचलून आणायचं असतं, असं सुपडूच्या मनात आलं. पण मोठ्या माणसांशी हुज्जत घालणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने करडावर पांढरी लोकर चढवली. लोकरीला शोभावा म्हणून देवाचा चेहराही उजळला. सगळीकडे सारखा उजेड झाला, आणि चित्र कॅलेंडरासारखं दिसायला लागलं.

रविवारी धनीबाई चित्रासमोर उभी राहिली. "भाऊ, मनी बकरी कोठे गई?"

रंग उडाला, ओल आली, काहीही सांगता आलं असतं. पण सुपडू पडला सरळमार्गी. "फादर म्हन्तस, मेंढ्या उजव्या बाजूले, बकऱ्या डाव्या बाजूले. डाव्यासले हाकली देतस."

धनीबाईने मागे वळून बायकांच्या सतरंजीकडे पाहिलं.

"आम्ही बठ्ठ्या बाया डाव्या बाजूलेच बसतस ना?"

ती पदर सावरून बाहेर गेली. 'नही वं माय, तसं नही,' एवढं सुपडूला म्हणता आलं असतं. तो खाली मान घालून ब्रश धूत राहिला.