बकरीला टेकून झोपलेली मुलं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — ह्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे.

नव्वदच्या दशकात ह्यांची सुरतच्या बँकेत बदली झाली आणि आम्ही कतारगामला राहायला आलो. मागच्या खोलीत मंगल राहायची — अमळनेरकडची, नवरा लूमच्या कारखान्यात. तिची सोनी आणि माझा निखिल बरोबरीचे, नुकते तीन पूर्ण झालेले. लिंबाखाली तिची बकरी बांधलेली. त्या दुपारी अजून डोळ्यांपुढे येतात — लूमचा खडखडाट ऐकता ऐकता सगळी गल्ली पेंगायची, उन्हात धाग्यांचे बारीक तंतू तरंगायचे, आणि ती दोघं बकरीच्या पोटाला टेकून गाढ झोपलेली. हात मातीचे, नाकं वाहती. किती सुंदर होतं ते. मला तेव्हा दिसलं नाही का? — की दिसलं, आणि म्हणूनच सहन झालं नाही?

निखिलला सारखी सर्दी व्हायची म्हणून त्याला दवाखान्यात नेलं. म्हातारे गुजराती डॉक्टर हसले. "रमवा दो ने, बेन," म्हणाले. खेळू द्या त्याला. माती, जनावरं, दुसरी मुलं — यांच्यातच लहान शरीर लढायला शिकतं, असं त्यांनी मला नीट समजावलं.

घरी येताच निखिल माझा हात सोडून पळाला. "मनी बकरी!" — 'माझी' नाही म्हणाला, 'मनी' म्हणाला. मंगलच्या बोलीत. आणि मी मंगलला सांगितलं — डॉक्टर म्हणाले, तुझ्या घरातल्या घाणीमुळे, त्या बकरीमुळे तो आजारी पडतो.

भीती होती का मला घाणीची? थोडी. त्याहून जास्त लाज होती. माझा मुलगा त्यांच्यासारखा होत चालला होता, आणि माझ्यापेक्षा तिच्याकडे रमत होता.

मंगल भांडली नाही. डॉक्टरांचा शब्द म्हणून तिने तो खरा मानला. बकरी कामरेजला कुणाला तरी विकून टाकली.

निखिल पुढे स्वच्छ वाढला — उकळलेलं पाणी, पुसलेली फरशी, बंद खिडक्या. आज हवा बदलली की त्याला धाप लागते, खिशात पंप असतो. त्याचा याच्याशी संबंध असेल, नसेलही. ते ठरवणारी मी कोण? मला झोपेत दिसते ती सोनी.

बकरी विकल्यावर थोड्याच दिवसांनी मंगल तिला घेऊन दारात आली. कपड्याच्या साबणाने धुऊन धुऊन पोरीचे तळहात लाल झाले होते, बोटांना चिरा पडल्या होत्या. "दखा ताई," मंगल तिचे हात पुढे करून म्हणाली, "आते चोख्खा शेतस. खेळू देशात का?" आतून निखिल सोनीला हाका मारत होता.

मी ते हात उलटेपालटे करून पाहिले — हो, तपासले. मग म्हणाले, "डॉक्टरांना विचारून सांगते."

दार लावलं, तेव्हा सोनीचे हात तसेच पुढे होते.