प्रेसिडेंटांच्या घरची निवडणूक

साताऱ्याला सासरी येऊन मला आठच महिने झाले, पण किस्से इतके साठलेत की विट्याला आईला धाडायचं पत्र एका पाकिटात मावत नाही. आमचे हे सांगलीला नोकरीला. घरात मामंजी, सासूबाई आणि मी. मी बोलते कमी, त्यामुळे ऐकायला भरपूर मिळतं.

*

आजेसासरे, म्हणजे आबा, इंग्रजी अमलात नगरपालिकेचे प्रेसिडेंट होते. तेव्हा मत फक्त भारी घरपट्टी भरणाऱ्यांना. सासूबाई सांगतात, अख्ख्या वॉर्डाचे मतदार आपल्या दिवाणखान्यात मावायचे. पोहे दिले की झाली निवडणूक!

पुढे सगळ्यांनाच मत मिळालं आणि दिवाणखाना पुरेना. गेल्या खेपेला मामंजी कसेबसे निवडून आले. यंदा परत उभे राहिले तेव्हा एवढंच म्हणाले, "ही गेली, तर या घरातली मेंबरकी संपली."

*

मामंजींना हात जोडता येत नसत. त्यांच्या घरी लोकच येऊन हात जोडत आलेले. सासूबाईंनी त्यांना आरशासमोर उभं करून आठवडाभर सराव करून घेतला.

पहिल्याच बोळात त्यांना तुंबलेलं गटार दिसलं. हात राहिले बाजूला, समोरच्या म्हाताऱ्यालाच त्यांनी झापलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आवं दादासाहेब, मेंबर तुमीच हाय. आमी कुणाला सांगायचं?"

मामंजी घरी आले आणि फावडं घेऊन परत गेले. त्या दिवशीचा प्रचार तेवढाच.

*

विरुद्ध उभे होते गुलाबभाई टेलर. आजेसासऱ्यांचे कोट त्यांच्या वडिलांनी शिवलेले. ते मत मागायला थेट आमच्याच घरी आले. मामंजींनी त्यांना खुर्ची दिली, मला चहा आणायला सांगितलं.

कप घेताना गुलाबभाई मला म्हणाले, "सूनबाई, नळ पहाटे चारला येतो न्हवं? सहाला आणून दावतो. लय न्हाई मागत, एक मत."

पहाटेचं पाणी भरायचं काम माझं. मी मामंजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे."

*

माहेरी मत कुणाला द्यायचं ते वडील सांगत. आई ओट्यापाशी उभी राहून मान हलवी. इथं मतदानाच्या दिवशी मामंजींनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. "कुणाला विचारू नकोस. मलाही नाही." त्या एका वाक्यासाठी मी या माणसाची जन्मभर ऋणी राहीन.

*

मामंजी पडले. एका मतानं!

ते स्वतः गुलाबभाईंना हार घालून आले. संध्याकाळी आम्ही तिघं चहाला बसलो. मग सासूबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुम्ही मत दिलंत ना?"

"दिलं की. गुलाबभाईंना."

सासूबाईंचा कप बशीत आपटला.

"अगं, स्वतःच्याच नावावर शिक्का मारायचा? आबांनी जन्मात कधी मारला नाही. शोभतं का ते?"

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. मग हसू लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मामंजीही हसले. इतके मोकळे हसताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

पदरानं डोळे पुसत सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे घरची मतं तुम्हाला दोनच. माझं आणि सूनबाईचं."

मी साखर आणायला आत गेले. साखर टेबलावरच होती.