भालूकाकांनी कापलेला शेवट

“भालूकाका गेले,” असे आईने कुवेतहून फोनवर सांगितले, तेव्हा मी प्रयोगशाळेत नमुन्यांचे वजन करत होते. “बरं,” एवढेच म्हणाले आणि उरलेली वजने पूर्ण केली. गेलेल्या माणसाविषयी चांगलेच लिहावे असा संकेत आहे. तो मला पाळता येणार नाही. भालूकाका हे बाबांचे तेलशुद्धीकरण कारखान्यातले ज्येष्ठ सहकारी. हेकेखोर, सल्ला देण्यास सदैव तत्पर आणि तिथल्या मराठी कुटुंबांचे स्वयंघोषित पालक.

नव्वदच्या दशकात दर शुक्रवारी कुवेतच्या रुमैथिया भागातल्या त्यांच्या घरी सिनेमा असे. मोठी माणसे सोफ्यावर, आम्ही मुले गालिच्यावर. पोहे संपल्याशिवाय कॅसेट लागत नसे. ती लागण्यापूर्वी काका दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून नको ती दृश्ये गाळलेली नक्कल काढत, म्हणजे चित्रपट ‘साफ’ करत. चुंबन आले की चित्र उडी मारे, आम्ही खिदळत असू आणि काका खाकरत. उडी दिसली म्हणजे काहीतरी कापले, हे आम्हा सर्वांना कळत असे.

तिथेच मी तो जुना इंग्रजी चित्रपट पाहिला. हिरे चोरणारा देखणा चोर, त्याला पकडण्यासाठी नेमलेली रत्नपारखी बाई, आणि अर्थातच दोघांचे प्रेम. शेवटी तो तिला बंदरावर बोलावतो. ती टेबलावरचा दिवा लावते, सूक्ष्मदर्शकावर वाकते... पडदा काळा. उडी नाही, काही नाही. मी दहा-अकरा वर्षांची होते. आपल्याला कोण व्हायचे आहे, हे मला त्या काळोखात कळले.

दोन हजारनंतर त्याचा रिमेक आला. डीव्हीडीवर तो पाहून मी संतापले. चोरी गुळगुळीत, नायिकेचे कपडे महाग, सूक्ष्मदर्शक केवळ शोभेला. आणि शेवटी ही विदुषी नोकरी, पुरावे, अक्कल सारे मागे टाकून चोराबरोबर पळून जाते. मूळ कलाकृतीचा इतका निर्लज्ज विश्वासघात मी पाहिला नव्हता. याच सुमारास मला परदेशात पीएचडीसाठी प्रवेश मिळाला आणि बाबा मला घेऊन काकांचा सल्ला घ्यायला गेले.

“आधी लग्न लावून द्या,” काका म्हणाले. “मग दोघं जाऊ देत. एकटी मुलगी तिकडं काय करणार?”

“काम,” मी म्हटले. “तुमच्या कॅसेटमधल्या बाईसारखं. ती गेली का त्या चोरामागं?”

“अगं, सिनेमा तो!”

“नव्या सिनेमातली जाते, म्हणून तो भिकार आहे. जुनी शहाणी होती. नव्हती का, काका?”

काकांनी तोंड उघडले, काकूंकडे पाहिले... आणि कधी नव्हे ते गप्प बसले. बाबांनी ती शांतता संमती मानली. मी गेले.

गेल्या महिन्यात सुट्टीवर कुवेतला गेले, तेव्हा काकूंना भेटणे भाग होते. त्या कपाट आवरत होत्या. दोन कॅसेट त्यांनी माझ्या हातात ठेवल्या.

“तुझा आवडता सिनेमा. ही अख्खी, आणि ही ह्यांनी कापलेली.”

“फरक काय असणार?”

“अगं, शेवटी कोट चढवून ती बंदराकडं धावतेच की! मग जहाजातली खोली, आणि पुढचं सगळं... मुलं समोर बसायची ना. ह्यांनी दिव्यापाशीच संपवला.”

“मग त्या दिवशी काका बोलले का नाहीत? एका वाक्यात माझं तोंड बंद झालं असतं.”

“विचारलं होतं मी. म्हणाले, चहा टाक.”

म्हणजे रिमेक प्रामाणिक होता. मूळ चित्रपटाचा विश्वासघात केला तो भालूकाकांनी, आणि तोही कोणत्या तत्त्वासाठी नव्हे, निव्वळ सोवळेपणापायी. जिच्या बळावर मी घर सोडले, ती बाई मला अडवणाऱ्या माणसाच्याच कात्रीतून निघाली होती. ते लाजेने गप्प बसले की माझ्यासाठी, याचा पुरावा आता मिळणार नाही. दुसऱ्या शक्यतेवर विश्वास ठेवण्याइतकी मी उदार नाही.

त्यांचा एक व्हीसीआर मी मागून आणला. अख्खी कॅसेट एकदाच पाहिली. कापलेली मात्र अधूनमधून लावते. दिवा लागतो, ती वाकते, पडदा काळा होतो... त्या जागी मी दर वेळी उडी शोधते. सापडत नाही. काम चोख केले होते, इतके मान्य करावे लागते.