कपाळापर्यंतचा पदर

कार्ला गावची ती बाई आणि तिचा कपाळापर्यंत ओढलेला पदर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. पोलीस खात्यातल्या माझ्या निरोप समारंभात तिच्यावरच्या गुन्ह्याच्या उकलीचं श्रेय माझ्या नजरेला दिलं गेलं. ते खरं नव्हतं, म्हणून लिहितो आहे.

ती हायवेवरच्या चिक्कीच्या दुकानात कामाला होती. एका सकाळी तिची शेजारीण, एक म्हातारी मावशी, पोलीस ठाण्यात आली. "साहेब, नवरा लय मारतोय पोरीला. काल वरडणं ऐकवत नव्हतं." मी नवरा-बायको दोघांना बोलावून घेतलं.

नवरा बसायच्या आधीच सुरू झाला. "गिऱ्हाइकाला हसून चिक्की चाखायला देती. बसचा डायवर तितंच गाडी थांबवतो. कशापायी? मला काय कळत न्हाई व्हय?"

"बायको देखणी असली की असंच व्हायचं," मी म्हणालो. हवालदारही हसले.

तिचा जबाब मी त्याच्यासमोरच घेतला. "काय न्हाई साहेब. पाय घसरून पडले." डोक्यावर पदर, मान खाली. मला वाटलं, मर्यादेचं घर आहे. अदखलपात्र नोंद करायची आणि समज देऊन घरी पाठवायचं, ही आमची नेहमीची पद्धत.

मावशी दारातच उभी होती. "साहेब, ही सणालाबी डोक्यावर पदर घेत न्हाई. आजच का घेतलाय, इचारा की."

नवरा ताडकन उठला. "म्हातारे, तू गप!"

त्याला बाहेर काढलं. आतल्या खोलीत महिला शिपायासमोर तिने पदर खाली घेतला. वेणी मुळापासून कापली होती, विळ्याने. टाळूवर जखमा होत्या.

"गजरा माळून कामाला गेलते. कुणासाठी माळलास, म्हनला. मला घरी धाडू नका."

वैद्यकीय तपासणी झाली, गुन्हा दाखल झाला, त्याला अटक केली. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज गेला. न्यायालयाने त्याला घराकडे आणि दुकानाकडे फिरकायला मनाई केली. राहतं घर तिच्याकडे राहिलं. तो मात्र चौकशीत एकच सांगत होता, "माझी हाय ती."

संशयी नवरा भरभरून बोलतो, ऐकणाऱ्याला गंमत वाटते, आणि बाई गप्प बसते. त्यानंतर नवऱ्याला बाहेर बसवल्याशिवाय मी कोणत्याही बाईचा जबाब घेतला नाही.

पुढे एकदा त्या दुकानापाशी गाडी थांबवली. तिचे केस खांद्यापर्यंत आले होते, त्यात गजरा होता. तिने चिक्कीचा तुकडा पुढे केला.

"घ्या साहेब. मावशी नसती, तर तुमी मला हसत हसत माघारी धाडलं असतं."

एवढं बोलून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली आणि मोकळं हसली.