दोन ते चारचा पहारा

देव भक्ताची परीक्षा पाहतो, असं म्हणतात. माझी झाली ती मधुमेहाची गोळी घेऊन जेवायचं विसरल्यामुळे.

शिरूरजवळ तेव्हा कारखाने नुकतेच उभे राहत होते. दौंडला रेल्वेतून उतरून बिहारची माणसं एसटीनं आमच्याकडे येत. आमच्या आळीत एका खोलीत सहाजण राहत. देवळाच्या नळावर गर्दी करतात, म्हणून त्यांना काढावं, असा अर्ज घरमालकाला द्यायचं आळीनं ठरवलं. माझं मराठी शुद्ध, म्हणून तो मीच लिहिला. सह्या घ्यायच्या होत्या, तोवर खिशात होता.

देवळात सप्ताह चालू होता. सात दिवस वीणा कुणाच्या तरी गळ्यात हवी, ती खाली ठेवायची नाही आणि पहारा उभ्यानंच करायचा. दर दोन तासांनी पहारा बदलतो. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो, देणारा घेणाऱ्याच्या. बारा ते दोन माझा पहारा, पुढे आप्पांचा. त्या दिवशी पंगतीला पुरणपोळी होती. आप्पा आले नाहीत.

अडीचला हात थरथरू लागले, एका समईच्या दोन दिसू लागल्या. देवळात माझ्याशिवाय फक्त म्हातारे आबा होते.

"आबा, जरा धरा."

"माजं गुडघं गेल्यात, मास्तर. दम धरा, येईल आप्पा. आन् खाली ठिवू नका, पाच दिसाचं पुण्य जाईल."

मी विठोबाकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात कमरेवर. तिकडूनही आशा नव्हती.

तेवढ्यात नळावर हंडा ठेवून कोणीतरी धावत आत आलं. त्या सहांपैकी रामजतन. "मास्टरजी, गिर जाइएगा. हमको दीजिए."

"आरं, तुला जमंल का?" आबा म्हणाले.

"नाम ही तो लेना है, बाबा. पाँव धोके आए हैं."

त्यानं माझे पाय धरले, वीणा घेतली. रीतीप्रमाणे मी त्याच्या पायांवर वाकलो आणि खिशातला अर्ज तिथेच पडला. "आपका कागज," तो म्हणाला. देवनागरी त्यालाही वाचता येत असणार, हे मला नंतर सुचलं.

आबांनी माझ्या तोंडात खडीसाखर घातली. भिंतीला टेकून मी त्याचं 'रामकृष्णहरी' ऐकत राहिलो. सगळं देवावर सोपवा, हे आयुष्यभर ऐकलं होतं. सोपवायचं तर कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं, हे त्या दुपारी कळलं. डोळे भरून आले. ते साखरेमुळे नव्हतं.

अर्ज मी बंबात घातला. दुसरा लिहायला आळीत कोणी तयार झालं नाही.

पुढच्या वर्षी पहाऱ्यांच्या यादीत आबांनी रामजतनचं नाव घातलं. दोन ते चार. आप्पांनी ती वेळ मोठ्या मनानं सोडली. जेवल्यावर त्यांना झोप येते.