तेजश्रीचा किलोमीटर

मगदूम सरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या शाळेच्या मैदानावर झाली. नव्वदचे दशक सरत आले होते. नववीत शाळा सोडून मी पाट्या रंगवायला शिकलो होतो आणि सरांनी मला धावण्याच्या रेषा आखायला बोलावले होते. चुन्याची रेघ मारण्यापूर्वी मी अंतर चार वेळा मोजले. सर जवळ येऊन म्हणाले, "पावणं, चारदा मोजलंसा. जमीन वाढाय लागलीया व्हय?" चूक राहिली तर मुलांचे नुकसान होईल, असे मी कसेबसे म्हणालो. सर हसले आणि टेपचे दुसरे टोक त्यांनी स्वतः धरले. पाचव्यांदा आम्ही दोघांनी मिळून मोजले.

सर खेळाचे शिक्षक. शर्यतीतला शेवटचा मुलगा पोहोचेपर्यंत ते फीत गुंडाळू देत नसत. एकदा बक्षीस द्यायला आलेले पाहुणे घड्याळ पाहू लागले, तेव्हा सर म्हणाले, "सायेब, अजून एकजण वाटंवर हाय." तो मुलगा एक बूट हातात घेऊन लंगडत आला. पाहुण्यांनाही टाळ्या वाजवाव्या लागल्या.

पुढे त्यांच्या एका विद्यार्थ्याला रक्ताचा कर्करोग झाला. त्याला भेटायला सर रुग्णालयात जाऊ लागले आणि तिथली सगळीच मुले त्यांची झाली. पैशाअभावी उपचार अर्धवट सोडून गावी परतणारी कुटुंबे त्यांनी पाहिली आणि वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी या मुलांसाठी मॅरेथॉन पळायचे ठरवले. शाळेपासून पन्हाळा, परत येऊन रंकाळा तलावाला फेरी, मग चढ चढून शाळेचे फाटक. प्रत्येक किलोमीटर एकेका मुलाच्या नावाचा आणि त्याला एकेक देणगीदार. नावांच्या पाट्या मी रंगवल्या. सायकलच्या चाकाला फडके बांधून, फेरे मोजत, सगळा रस्ताही मोजला. कुरुंदवाडच्या सात वर्षांच्या तेजश्रीने शेवटचा किलोमीटर मागून घेतला होता. "तितं बँड असतोय," ती म्हणाली होती.

मॅरेथॉनच्या दिवशी सर पळत होते आणि मी सायकलवरून मागे होतो. रंकाळ्याची फेरी संपवून सर चढाच्या पायथ्याशी आले, तर समोर शेवटाची कमान, बँड, हार, सगळे हजर. कुणी सरांना फेटाही बांधला. माझ्या हातातल्या मुलांच्या यादीत मात्र एक नाव खुणेविना होते. स्वागताची तयारी करणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष बाजीराव यांना मी हळूच विचारले. ते म्हणाले, "सर दमलं असतील म्हणून कमान जरा अलीकडं घेतली. त्यात काय एवढं?"

तेजश्री आईसोबत वर फाटकाशी बसली होती. तिला कुणी कळवले नव्हते. एवढ्या आनंदात बोलावे की नाही, या विचारात मी यादीतली नावे पुन्हा एकदा मोजली. शेवटी मी सरांच्या कानाशी गेलो. "सर, एक ऱ्हायलाय."

"कुणाचा?"

"तेजश्रीचा."

सरांनी गळ्यातले हार काढून बाजीरावांच्या गळ्यात घातले. "आता तुमीबी पळा. कमान तुमीच हलवलीसा."

फेट्यासकट सर चढाला लागले. मागे बाजीराव, त्यांच्या मागे धापा टाकत वाजवणारा बँड. तोंडाला मास्क लावलेली तेजश्री फाटकात उभी होती. सर पोहोचताच तिने विचारले, "एवढा उशीर का केलासा? बँड तर कवाचा वाजतोय."

"तुझा किलोमीटर लई लांब हाय, बाई," सर म्हणाले.

तेजश्री आता सातवीत आहे. शाळेच्या शर्यतीत ती शेवटून दुसरी येते, हे सर भेटेल त्याला अभिमानाने सांगतात. माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्या माणसाच्या शब्दावर त्यांनी बेचाळीस किलोमीटरच्या शेवटी तो चढ चढला, हे मी विसरू शकत नाही.

सर साठ वर्षांचे झाले. त्यांचे गुडघे असेच खणखणीत राहोत आणि पुढची वाट लांबच लांब असो. त्यांच्या काळजीपोटीसुद्धा कुणी ती कमान अलीकडे ओढू नये. मोजायला मी आहेच.