एकशे ऐंशी लिहिलं, पंधरा लागू झालं

अन्याय झाला तो भिंगारच्या एका मुलीवर. साल नव्याण्णव, पावसाळ्याचे शेवटचे दिवस, मंगळवार, दुपारचे पावणेचार. जागा नगरच्या सावेडीतली, एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरची छोटी इंटरनेट कंपनी. मालकाच्या काचेच्या केबिनमध्ये तिला सांगितलं गेलं की उद्यापासून राउटरला हात लावायचा नाही, खाली काउंटरवर बसून नव्या ग्राहकांचे फॉर्म भरून घ्यायचे. मी केबिनच्या दारात उभा होतो. खरं काय ते मला ठाऊक होतं. मी तोंड उघडलं नाही.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. दिवसा त्या कंपनीत फोनवर तक्रारी घ्यायचो, उरलेल्या वेळात विद्यार्थ्यांच्या संघटनेची पत्रकं लिहायचो. अडलेली शिष्यवृत्ती, वसतिगृहाचं जेवण, असले विषय. पहिल्या ओळीत कुणावर आणि कधी अन्याय झाला ते लिहायचं, दुसऱ्या ओळीत कुणी केला ते, अशी आमची शिस्त. या प्रकरणात दुसऱ्या ओळीत मीही येतो, म्हणून हे पत्रक तेव्हा निघालं नाही.

तिला मी ताई म्हणायचो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. वडील लष्कराच्या डेपोत फिटर. राउटर म्हणजे काय ते कंपनीत तिला एकटीलाच कळत होतं. मालकाला तो विकत घेता आला होता, एवढंच.

आमची मोठी लाइन कोल्हारवरून नाशिकला जायची, आणि एक बारकी लाइन पुण्याला. नाशिकच्या टोकाला दुसऱ्या कंपनीचा राउटर होता. कोणता पत्ता कुणाकडून गाठायचा हे दोन्ही राउटर एकमेकांना सांगत राहायचे. या बोलण्याच्या रीतीला बीजीपी म्हणतात. ताईनं मला ते एकदा जेवताना समजावलं होतं.

"विहिरीत एक माणूस उतरलाय, काठावर दुसरा उभाय. काठावरचा दर मिनिटाला हाक मारतो, खालचा ओ देतो. तीन मिनिटं आवाज नाही आला तर काय समजायचं?"

"गेला."

"हां. मग त्यानं सांगितलेले सगळे रस्ते पुसून टाकायचे. हाक साठ सेकंदांनी, वाट बघायची एकशे ऐंशी सेकंद. आता कुणी शहाणा म्हणाला, मी पंधराच सेकंद वाट बघणार, तर?"

"खालच्याला खोकला आला तरी मेला म्हणून रडत बसेल."

ती एवढी हसली की पाण्याचा घोट नाकात गेला.

तो शहाणा नाशिकला होता. त्या मंगळवारच्या आठवडाभर आधी त्यांच्या इंजिनियरचा फोन आला. ताई जेवायला गेली होती. "आमच्या टोकाला हाक पाच सेकंदांवर आणि वाट बघायची मुदत पंधरावर आणलीय. लाइन पडली तर लगेच कळावं म्हणून. जोडणी पुन्हा सुरू केलीत की लागू होईल. तुमच्या मॅडमना सांगा." मी म्हणालो, "बरं, सांगतो." माझ्यासमोर शिष्यवृत्तीच्या पत्रकाचा कच्चा कागद होता. रिसीव्हर ठेवला आणि राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. रजिस्टर हाताच्या अंतरावर होतं. काहीही बदललं, कळलं, बिघडलं की त्यात लिहून खाली सही करायची असा नियम होता. नियम सगळ्यांना होता, पाळायची ती एकटी.

मंगळवारी सकाळी मालकानं फर्मान काढलं की राउटरमधले सगळे आकडे नीट घालून कागदावर उतरवा. ताईनं आमच्या बाजूला साठ आणि एकशे ऐंशी स्पष्ट घातलं, अकरा वाजून वीस मिनिटांनी जोडणी तोडून पुन्हा सुरू केली, रजिस्टरात वेळ लिहिली, सही केली. साडेअकराला पहिली तक्रार आली. मोठी लाइन पडायची, सगळा भार पुण्याच्या बारक्या लाइनवर यायचा, ती गुदमरायची. तेवढ्यात मोठी उठायची, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा पडायची. दुपारपर्यंत माझा कान फोनला चिकटून लाल झाला.

कोल्हारच्या पुलाजवळ केबलचा जोड तपासायला गेलेल्या लाइनमननं फोनवर सांगितलं, "जोडात लई पानी हाय. इस-पंचवीस सेकंद आवाज जातो न् परत येतो. पन हे आजचं न्हाई, दोन म्हैन्यांचं हाय."

म्हणजे दोन महिने लाइन खोकत होती आणि एकशे ऐंशी सेकंदांची मुदत ते पोटात घालत होती.

मालकानं नाशिकला फोन लावला. तो इंजिनियर रजेवर. त्याच्या जागचा माणूस म्हणाला, "आज आमच्याकडे कुणी हात लावलेला नाही." ते खरंच होतं.

पावणेचारला केबिन.

"मॅडम, रजिस्टरात आजची सही कुणाची?"

"माझी."

"दुसऱ्या कुणाची आहे?"

"नाही साहेब. पण स्क्रीनवर बघा, मुदत पंधरा दिसतेय. मी एकशे ऐंशी घातलंय. दोन्ही टोकांनी वेगळे आकडे सांगितले तर लहान आकडा दोघांनाही लागू होतो. नाशिकनं पंधरा ठेवलं असणार."

"नाशिकवाले म्हणतात हात लावला नाही. मग तुमचं एकशे ऐंशी काय भुतानं खाल्लं?"

"आज नसेल लावला. आधी कधी लावला ते विचारा ना."

"तुम्हा लोकांचं हेच. चूक दाखवली की लगेच अन्याय झाला."

'तुम्हा लोकांचं' म्हणजे कुणाचं, हे केबिनमधल्या तिघांनाही कळलं. तिच्या टेबलावर बाबासाहेबांचा लहान फोटो होता. मालकानं तिच्या नोंदीखाली लाल शाईनं 'ऑपरेटरची चूक' असं लिहिलं. मी दाराची कडी धरून उभा होतो.

गुरुवारी नाशिकचा इंजिनियर रजेवरून आला. फोन पुन्हा मीच उचलला. "अहो, तुम्हालाच तर सांगितलं होतं! पाच-पंधरा म्हणून." त्यानं मुदत परत एकशे ऐंशी केली, जोडणी नव्यानं सुरू केली. लाइन शांत झाली. जोडातलं पाणी होतं तिथंच होतं.

शुक्रवारी मी मालकाला सगळं सांगितलं. त्याला राग आला नाही, हे मला जास्त लागलं. "चालू झालं ना? मग कशाला उकरतोस? एकदा दिलेला हुकूम मागं घेतला की माणसं डोक्यावर बसतात."

मग खाली चहाच्या टपरीवर ताईला सांगितलं. तिनं कप खाली ठेवला.

"तुला त्या मंगळवारी माहीत होतं?"

"हो."

"दारात उभा होतास तेव्हा?"

"हो."

तिनं टपरीवाल्याला दोघांचे पैसे दिले. मग म्हणाली, "लिहून देशील?"

दिलं. भाषेत मी कधीच कमी पडलो नव्हतो. एक पान, दोन ठिकाणी अधोरेखित, शेवटी 'या अन्यायाचा आम्ही निषेध करतो'. तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सही कुठाय?"

"पत्रकावर सही नसते, ताई. संघटनेचं नाव टाकू."

"हे पत्रक आहे का? फोन संघटनेनं घेतला होता?"

पेन माझ्या खिशातच होतं. घरचं भाडं, नोकरी, मालकाचा चेहरा, सगळं एकदम आठवलं. तिनं कागदाची घडी घातली, माझ्या हातात ठेवली आणि काउंटरवर जाऊन बसली.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं पुण्याला अर्ज केला. मालकानं अनुभवाचा दाखला दिला, त्यात 'ग्राहक नोंदणी' एवढंच काम लिहिलं. नेटवर्कचा उल्लेख नाही. मुलाखतीत तो दाखला पुढे ठेवल्यावर त्यांनी तिला रिसेप्शनची जागा देऊ केली. तिनं ती घेतली नाही. नंतर भिंगारला शिकवण्या घ्यायची, एवढं मला कळलं.

मालकाबद्दल लिहिणं मला कधीच अवघड गेलं नाही. म्हणून ते लांबवत नाही.

हे वाचणाऱ्या तुमच्याकडे माझी मागणी आहे, आणि ती विनंती नाही. तुमच्या कचेरीत, कारखान्यात, शाळेत कुणाच्या तरी नावापुढे अशीच एखादी लाल ओळ आहे आणि ती खोटी असल्याचं तुम्हाला माहीत आहे. उद्या सकाळी जा. रजिस्टर मागा. त्या ओळीखाली तुम्हाला काय माहीत आहे आणि केव्हापासून माहीत आहे ते लिहा. खाली तुमचं पूर्ण नाव लिहा आणि सही करा.